बनाबाईच्या पेपरावरचा भंडारा

बनाबाई कोकरेला हसू आवरत नाही, हे सांगवीच्या शिवारात सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नात अंतरपाट खाली आला, नवऱ्याचं बाशिंग कानावर घसरलेलं दिसलं, आणि नवरी हसली. झेंडावंदनाला सरपंच भाषणाचा कागद घरी विसरून आले, तेव्हा सगळं गाव माना खाली घालून उभं होतं, ही एकटी हसली. एका मयताला तर मोठ्यानं कोण रडतंय यावरून दोन जावांची जुंपली, तेव्हा हिला पदराचा बोळा तोंडात कोंबून गोठ्यामागं पळावं लागलं. बायका म्हणायच्या, बाई गुणाची आहे, पण हसण्याला दावं नाही. आता हसून कुणाचं वाटोळं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बनाबाईची बी.ए.ची डिग्री मात्र त्या हसण्यापायी जाता जाता राहिली.

कोकऱ्यांची वस्ती गावाबाहेर, पाटाच्या पलीकडं. एके काळी या घरची मेंढरं रस्त्यानं निघाली की एसटीला थांबून राहावं लागायचं. मग पाटाला पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला आणि कळप आटत आटत हौसेपुरता उरला. थोरला दादासो, म्हणजे बनाबाईचा नवरा, सोमेश्वरनगरच्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगामात तो घरी यायचा तो पाव्हण्यासारखा. धाकटा नागेश बारामतीला कॉलेज करायचा, म्हणजे नक्की काय करायचा ते कॉलेजलाही माहीत नव्हतं. राहिलेली मेंढरं मात्र सासऱ्यांनी, जोतीराम आबांनी, दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाहीत.

आबांच्या दोन गोष्टी पंचक्रोशीत नावाजलेल्या. एक त्यांचा नेम. "दगड मेंढराला मारायचा नसतो, मेंढराच्या म्होरं टाकायचा असतो," असं ते सांगायचे. बसल्या जागेवरून त्यांनी टाकलेला खडा बाभळीच्या दोन फांद्यांमधून जाऊन बरोबर चुकार मेंढराच्या नाकापुढं पडायचा, आणि मेंढरू आपसूक वळायचं. दुसरी गोष्ट खुणेची. मेंढपाळात ज्याची त्याची खूण असते. कुणी कानाला कातरा देतो, कुणी पाठीवर रंग ओढतो. कोकऱ्यांच्या मेंढरांच्या पाठीवर पिवळा पट्टा. दुसऱ्याच्या खुणेचं मेंढरू आपल्यात मिसळलं तर ते धन्याला नेऊन द्यायचं, यात आबांच्या लेखी चर्चेला जागाच नव्हती. तरुणपणी परमुलखात असंच एक कोकरू परत द्यायला ते भर पावसात गेले. माघारी येतात तर यांचाच तळ हललेला, आणि मग कितीतरी दिवस आबा स्वतःच चुकार होऊन आपली माणसं शोधत हिंडत होते. हा किस्सा घरात इतक्यांदा व्हायचा की मेंढरांनाही पाठ झाला असेल.

बनाबाई इंदापूरकडची, कोरडवाहू मुलखातली. दहावी पास होऊन आलेली वस्तीवरची ती पहिली सून. तिला अंगणवाडी मिळाली. पोरांना बडबडगीतं शिकवता शिकवता तिनं बाहेरून बारावी केली, निकाल घेऊन हसत घरी आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आता बी.ए.!" अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका व्हायला पदवी लागते, असं ती लोकांना सांगायची. ते खरंच होतं. पण त्याच्याही आधीचं खरं असं की तिला अभ्यासाची चटक लागली होती. नवीन काही कळलं की बाईला गुदगुल्या व्हायच्या.

अभ्यास ती मोठ्यानं करायची आणि ऐकायला बसायचे आबा. समाजशास्त्राचं पुस्तक उघडलं त्याच दिवशी आबांनी अडवलं.

"ह्यो दुर्खीम म्हंजी कुणाकडला?"

"फ्रान्सचा, आबा. लई लांबचा."

"काय म्हंतो?"

"त्यो म्हंतो, ज्येनं त्येनं आपापलं काम वाटून घ्येतलं की समाजातली माणसं येकमेकाला धरून ऱ्हात्यात."

आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "हे सांगाय फ्रान्सातनं कशाला यायाला पायजे? पर माणूस शाना दिसतोय."

तेव्हापासून संध्याकाळी मेंढरं आत घातली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आज पाव्हणं काय म्हनलं?" बनाबाई पाव्हण्यांचं म्हणणं सांगायची, आबा त्यात दुरुस्त्या सुचवायचे. अशी दोन वर्षं गेली. एफ.वाय. झालं, एस.वाय. झालं. मार्क जेमतेमच, पण स्वतःच्या डोक्याचे.

स्वतःच्या डोक्याचे हे मुद्दाम सांगावं लागतं, ते तिच्या परीक्षा केंद्रामुळं. केंद्राचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. बारामती-इंदापूर रस्त्याला होतं एवढं पुरे. ही नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं. बाहेरून परीक्षेला बसणारी माणसं हे केंद्र नवस करून मागून घ्यायची. पेपर सुरू झाला की कॉलेजच्या मागच्या अंगाला जत्रा भरायची. भाऊ, मेहुणे, चुलते, मित्र, सगळे खिडक्यांच्या गजांना लोंबकळलेले. कुणी गाइडाची पानं फाडतोय, कुणी काठीच्या टोकाला चिठ्ठी खोचून आत सरकवतोय. माणसं जमली म्हणून भेळवाला यायचा आणि भेळवाला आला म्हणून आणखी माणसं जमायची. गंमत म्हणजे याला कुणी चोरी म्हणत नसे. याला 'मदत' म्हणत. घरच्या कार्याला भावकी राबते, तशी ती परीक्षेलाही राबायची. भावाच्या पेपराला जो खिडकीत गेला नाही, त्याचा पुढच्या प्रत्येक लग्नात उद्धार व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा होण्यात एवढा गोतावळा राबताना मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

टी.वाय.च्या परीक्षेआधी नागेशनं विषय काढला. "वैनी, औंदा मुख्यसेविकेच्या जागा निघनार हायेत. नुसतं पास हून भागायचं न्हाय. आमी येतो खिडकीला."

"नको," बनाबाई म्हणाली. "कुनी यायचं न्हाय."

"आगं, आपली मानसं कशाला हायेत मग?" आबाही नागेशच्या बाजूनं बोलले, तेव्हा तिला नवल वाटलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"आबा, दुसऱ्यानं लिवल्यालं माझ्या पेपरात आलं, तर ते दुसऱ्याच्या खुणंचं मेंढरू न्हवं का?"

"मेंढरू जित्राब असतंय. ह्यो कागूद."

"मेंढरू निदान परत न्हेऊन देता येतं. मार्क कुनाला न्हेऊन द्यू?"

आबांनी यावर मान डोलावली. "तू म्हन्शील तसं." बनाबाईला बरं वाटलं. खरं म्हणजे तिला कळायला हवं होतं. मेंढरं बें-बें करायला लागली की आबा त्यांच्याकडं बघूनही अशीच मान डोलवायचे आणि मग त्यांना हव्या त्याच वाटेनं हाकायचे.

समाजशास्त्राच्या पेपरादिवशी सकाळी गडबड उडाली. एसटी चुकेल म्हणून बनाबाई धावतच निघाली. आबा खंडोबाच्या ठाण्याकडून हाक मारत होते, "आगं, भंडारा लावून जा कपाळाला!" तिनं "आल्यावर लावते" म्हणून पळता पळताच हात केला.

वर्गात त्या दिवशी मनिषा मॅडम होत्या. बारामतीहून नव्यानं लागलेल्या, वयानं बनाबाईहून लहान, पांढरीशुभ्र साडी. त्यांनी आल्या आल्या खिडक्यांच्या खालच्या भागाला जाळी मारून घेतली होती. फक्त वर, छताजवळ, हवेपुरती फट राहिली होती. त्यामुळं बाहेरच्या जत्रेत त्यांच्या नावानं खडे फोडणं चाललं होतं. त्यांनी सूचना खणखणीत आवाजात वाचल्या. "उत्तरपत्रिकेवर स्वतःचं नाव, देवाचं नाव किंवा कोणतीही खूण करू नये. तसं आढळल्यास तो गैरप्रकार समजला जाईल."

खूण म्हटल्यावर बनाबाईला हसू आलं. विद्यापीठालाही खुणेची एवढी काळजी असते, हे आबांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं.

मग प्रश्नपत्रिका हातात आली, आणि पहिल्याच प्रश्नात साक्षात पाव्हणे! श्रमविभागणीचा सिद्धांत स्पष्ट करा. बनाबाईनं पदर खोचला आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता तिला आबांच्या दुरुस्त्या आठवत होत्या, लोकर कातरताना कोण धरतो, कोण कातरतो, कोण गोळा करतो ते सगळं उदाहरण म्हणून उतरत होतं. पानामागून पान भरलं. इतका चांगला पेपर तिनं जन्मात लिहिला नव्हता, आणि ते तिला लिहितानाच कळत होतं. मध्येच एकदा ती स्वतःशीच इतकी खूश झाली की शेजारच्या बाकावरच्या बाईनं दचकून पाहिलं.

पेपर अर्ध्यावर आला असेल. वरच्या फटीतून काहीतरी आत आलं, पंख्याच्या पात्यांना चुकवून, पुढच्या दोन बाकांवरून, आणि बनाबाईच्या उघड्या उत्तरपत्रिकेवर धप्पकन आदळून फुटलं.

पिवळा धमक लोट उठला. भंडारा! उत्तरपत्रिका पिवळी, बाक पिवळा, बनाबाईचं तोंड पिवळं, आणि जवळच उभ्या असलेल्या मनिषा मॅडमची पांढरी साडी गुडघ्यापर्यंत पिवळी. खोबऱ्याचे दोन तुकडे उडून पुढच्या बाकावर गेले. आणि मग मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी, बिचाऱ्यानं काही ठरवून नव्हे, जन्माच्या सवयीनं, ओरडलं, "यळकोट यळकोट!"

सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "जय मल्हार!"

खिडकीबाहेरूनही "जय मल्हार!" आलं. भेळवाल्याचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता. पुढच्या बाकावरच्या गड्यानं पायातली चप्पल काढून बाजूला सारली, खोबरं कपाळाला लावलं आणि प्रसाद म्हणून खाऊन टाकलं. पुरावा गेला. हे पाहिलं आणि बनाबाईचं दावं तुटलं. ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू मावेना, डोळ्यांतून पाणी, ते भंडाऱ्यात मिसळून गालावर ओघळ. सगळा वर्ग हसायला लागला.

हसल्या नाहीत त्या एकट्या मनिषा मॅडम. त्यांचं काय चुकलं? त्यांना वाटलं, हे सगळं ठरवून चाललंय आणि ही बाई आपल्याला तोंडावर हसतेय. त्यांनी पिवळी उत्तरपत्रिका उचलली. "चला केंद्रप्रमुखांकडं. आणि हसा तिथं."

केंद्रप्रमुख भोइटे सर गावाकडचेच, बोलायला मऊ. टेबलावर उत्तरपत्रिका आली, तिच्याबरोबर फुटलेल्या पुडीचा कागद आणि काळ्या लोकरीचा दोरा. मॅडमनी घडलं ते सांगितलं. उत्तरपत्रिकेवर खूण, बाहेरच्या माणसाची मदत, वर्गात गोंधळ. गैरप्रकाराची केस करायलाच हवी. केस झाली तर हा पेपरच नव्हे, सगळी परीक्षा रद्द होऊ शकते, शिवाय पुढं बसायला बंदी. आणि बाहेरच्या माणसावर पोलीस केस. फाटकावर पोलीस उभाच होता.

आता बनाबाईचं हसू पार मावळलं. तो काळ्या लोकरीचा दोरा तिनं ओळखला होता. दोरा ओळखायची तरी काय गरज? त्या फटीतून, पंख्याला चुकवून तिच्या बाकापर्यंत वस्तू पोचवणारा हात या दोन तालुक्यांत एकच होता.

भोइटे सरांनी मॅडमना पाणी दिलं आणि कोरा कागद बनाबाईपुढं सरकवला. "बाई, भंडाराच आहे, चिठ्ठी नाही. असं लिहा, कुणी टाकलं मला माहीत नाही. सही करा. नवीन उत्तरपत्रिका देतो, बसा लिहायला. विषय संपला."

किती सोपं होतं! एक ओळ. बनाबाईनं पेन उचललंही. पण पेन टेकेना. तीन वर्षं कुणाची एक ओळ तिनं आपल्या कागदावर येऊ दिली नव्हती, आणि आता जी स्वतःच्या हातानं लिहायची तीच खोटी? खरं लिहावं तर आबांच्या पांढऱ्या पटक्याला पोलिसाचा हात. पाव्हण्यांनी अशा वेळी काय करावं ते कुठं लिहिलं नव्हतं.

तिनं पेन खाली ठेवलं. "सर, कुनी टाकलं ते मला म्हाईत हाय. म्हाईत न्हाय असं मी न्हाय लिवनार."

"मग नाव सांगा," मॅडम म्हणाल्या.

"नाव बी न्हाय सांगनार. तुमाला केस करायची तर करा."

भोइटे सरांनी कपाळाला हात लावला. असा जबाब त्यांना कुणी दिला नव्हता. लोक सरळ खोटं बोलायचे, सर सरळ मानायचे, आणि सगळ्यांचं सुरळीत चालायचं. ही बाई खोटंही बोलेना आणि खरंही सांगेना. इकडं घड्याळ पुढं सरकत होतं आणि वर्गात तिचा बाक रिकामा होता.

तेवढ्यात दारात शिपायाचा आवाज चढला. त्याला बाजूला सारून आबा आत आले. पायातली जड पायताणं बाहेर, घोंगडं खांद्यावर, पटका नीट बांधलेला. बाहेर कुणीतरी सांगितलं होतं की पिवळ्या पेपराची बाई पकडली. आबांबरोबर आलेला नागेश तेवढं ऐकून ऊस ओलांडून पळाला होता. आबा इकडं आले होते.

"सायब, मी टाकली," आबा म्हणाले. "पोरीला कायबी ठावं न्हाय. तिनं येऊ नका म्हनून सांगितल्यालं."

"आबा, तुमी कशाला..." बनाबाई उठली.

"तू गप बस." आबा सरांकडं वळले. "पर येक चूक झाली, ती बी सांगतो. ही टाकायची न्हवती. ही टाकायची हुती." आणि त्यांनी पटक्याच्या घडीतून दुसरी पुडी काढून टेबलावर ठेवली. तशीच काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली. "हिच्यात नागेशनं उत्तरं लिवून दिल्याती, मदी खडा हाय. त्या पुडीत भंडारा-खोबरं. सकाळच्याला पोरगी कपाळाला लावायची इसरली, म्हनून बरुबर घ्येतल्यालं. वजनाला दोनी सारखी. मला काय वाचाय येतंय? हाताला लागली ती टाकली."

ज्या माणसावर नुसत्या भंडाऱ्याचा आळ होता, त्यानं खरी कॉपी आपल्या हातानं आणून टेबलावर ठेवली होती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. भोइटे सरांनी दोरा सोडला, चिठ्ठी उलगडली, वाचली, पुन्हा वाचली आणि मुकाट मनिषा मॅडमच्या हातात दिली.

"ही तर इतिहासाची आहे," मॅडम म्हणाल्या.

नागेशनं आपल्या वहिनीचा विषय कोणता हे विचारायची तसदी घेतली नव्हती.

बनाबाईनं ओठ दाताखाली दाबले. जमिनीकडं बघितलं. छताकडं बघितलं. पण आधी फुटल्या त्या मनिषा मॅडम. सकाळपासून ताणून धरलेलं तोंड एकदम सुटलं आणि त्या खुर्चीवर बसून अशा हसायला लागल्या की साडीवरचा भंडारा झडून फरशीवर पडला. मग बनाबाईला कोण आवरणार? भोइटे सर चष्मा काढून डोळे पुसत होते. आबा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले. यात हसण्यासारखं काय आहे, ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

हसू ओसरल्यावर आबा हळूच म्हणाले, "सायब, ही म्हनली हुती, दुसऱ्याचं लिवल्यालं म्हंजी दुसऱ्याच्या खुणंचं मेंढरू. म्या मनावर न्हाय घ्येतलं. आता बघा, मेंढरू हिचं, राखलं हिनं, आन् त्येच्यावर माझाच पिवळा पट्टा पडला. पट्टा माझा, तवा शिक्षा बी माझी."

भोइटे सरांनी नवी उत्तरपत्रिका काढली. "बाई, वेळ वाढवून मिळणार नाही. जेवढा उरलाय तेवढ्यात पहिल्यापासून लिहा. घडलं ते सगळं मी जसंच्या तसं विद्यापीठाला कळवणार, आबांच्या नावासकट. त्यांनी रद्द केलं तर रद्द."

"चालंल सर," म्हणून बनाबाई पळालीच.

"आणि आबांचं काय करायचं?" सरांनी विचारलं.

मनिषा मॅडम साडी झटकत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, यांचा नेम एवढा चांगला आहे तर यांना मागच्या बाजूला बसवा ना."

बनाबाईनं पिवळ्या बोटांनी पुन्हा पहिल्यापासून पेपर लिहिला. तो पहिल्यासारखा कुठला होणार? पाव्हणे घाईघाईनं आले आणि घाईघाईनं गेले. लोकर कातरायचं उदाहरण तर राहूनच गेलं. त्याचं तिला पुढं बरेच दिवस वाईट वाटत होतं.

उरलेल्या पेपरांना मात्र कॉलेजच्या मागं लोकांनी कधी न पाहिलेला प्रकार पाहिला. लिंबाखाली घोंगडं अंथरून आबा बसलेले, शेजारी खड्यांचा छोटासा ढीग. कुणी खिडकीकडं सरकला की त्याच्या पायापुढं टप्पकन खडा पडायचा. लागायचा कुणालाच नाही. पण पुढच्या पावलाच्या जागी खडा पडल्यावर माणूस आपसूक वळतो, मेंढरात आणि माणसात तेवढा फरक नाही. पहिल्या दिवशी भावक्यांनी वाद घातला, आबांना फितूर म्हटलं. आबा म्हणाले, "म्या करून बघितलंय, बाबांनो. त्येच्यात लई भंडारा उडतो." दुसऱ्या दिवशी एक जण गाइड शर्टाच्या आत लपवून उसाच्या कडेनं दबकत येताना दिसला. त्याच्या नाकापुढून खडा गेला आणि मागून आवाज आला, "नाग्या, घरला!" नागेश वळला. भेळवाल्यानं तिसऱ्या दिवशी गाडा दुसरीकडं नेला.

बनाबाईचा निकाल राखून ठेवला गेला. गावानं व्हायची ती चर्चा केली. खोटं बोलली असती तर एव्हाना पास झाली असती, असं सांगायला शहाणी माणसं वस्तीपर्यंत चालत आली. त्या दिवसांत बनाबाईचं हसणं थोडं कमी झालं होतं, अंगणवाडीतल्या पोरांच्याही ते लक्षात आलं. मग विद्यापीठाच्या समितीनं पुण्याला बोलावलं, तेव्हा सासरा आणि सून एसटीनं गेले. बनाबाईनं काही न गाळता सगळं सांगितलं. एका बाईंनी विचारलं, "सासऱ्यांचं नाव तुम्ही आधीच का नाही सांगितलं?"

"खोटं बोलायचं न्हवतं आणि त्यांना धरूनही द्यायचं नव्हतं," बनाबाई जमेल तेवढ्या शुद्ध भाषेत म्हणाली. "दोन्ही जमेना, म्हणून केस करा म्हणाले."

समितीनं पिवळी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आणि दुसरी तपासायला दिली. आबांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी तिथंच मोठ्यानं वाचून घेतली आणि घरी येऊन नागेशकडून पुन्हा वाचून घेतली, त्यालाही ऐकू जावी म्हणून.

आणि बनाबाई पास झाली. पास क्लास, त्या पेपरात तर काठावर. नागेश म्हणाला, "येवढा भंडारा उधळून येवढंच मार्क?" तेव्हा बनाबाई अशी हसली की पाटाच्या पलीकडच्या रानातल्या माणसांनी कामं थांबवून विचारलं, निकाल लागला का म्हणून. दादासोनं त्या दिवशी ट्रॅक्टर थेट वस्तीवर आणला आणि पेढ्यांचा पुडा हातात देताना तो स्वतःच नवरीसारखा लाजला.

पदवीचा कागद पुढच्या साली आला. जाड, पांढराशुभ्र, वर विद्यापीठाचा शिक्का आणि मधोमध तिचं नाव. सगळी वस्ती बघायला जमली. आबांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि कागद गुडघ्यावर घेतला.

"ह्येच्यात तुझं नाव कुठं हाय?"

बनाबाईनं बोट ठेवलं. आबांनी त्या अक्षरांवरून अलगद अंगठा फिरवला. घरात नवीन काही आलं की त्याला भंडारा लावायचा, ट्रॅक्टरलाही लावलेला, नव्या दारालाही लावलेला. त्यांनी सवयीनं डबीत बोटं घातली, चिमूट उचलली, हात कागदावर नेला आणि मध्येच थांबवला.

"न्हाय," ते म्हणाले. "ह्येच्यावर दुसऱ्याची खूण नको."

आणि तो भंडारा त्यांनी सुनेच्या कपाळाला लावला. त्या पेपराच्या दिवशी राहिला होता तो.